रक्त माझं तपासलं

१.३४. आत्याच्या रिपोर्टवर एवढाच आकडा होता. शेजारी ठळक अक्षरांत 'रिअ‍ॅक्टिव्ह', आणि खाली बारीक टायपात दोन ओळी, ज्या त्या दिवशी घरात कुणी वाचल्या नाहीत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी साखर, ईसीजी यांच्या जोडीला खासगी दवाखान्यांत हल्ली 'व्हायरल मार्कर्स' म्हणून तीन तपासण्या लावतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. रक्त एकदाच काढतात, त्यामुळे कशाकशासाठी काढलं हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. आत्यानं सही केली होती ती ऑपरेशनच्या फॉर्मवर. त्या फॉर्मच्या पोटात कुठंतरी 'आवश्यक त्या सर्व तपासण्या' असं वाक्य होतं म्हणे. एचआयव्ही-एड्सबद्दलचा २०१७ चा कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे, असल्या सहीवर भागवत नाही. कशाची तपासणी आहे हे त्या माणसाला सांगून, समजावून संमती घ्यायची, आधी आणि नंतर समुपदेशन करायचं, आणि निकाल तिसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचा नाही, असं तो म्हणतो. केवळ या निकालावरून उपचार नाकारायलाही त्यात बंदी आहे.

काउंटरवरच्या मुलीनं आतेभावाला हाक मारली. "आजींचा एचआयव्ही रिअ‍ॅक्टिव्ह आलाय. सरांनी ऑपरेशन होल्डवर ठेवलंय." ती हळू बोलली, असं आतेभाऊ म्हणतो. पण बाकावर थेंब घालून बसलेली ती सगळी म्हातारी माणसं डोळ्यांनी अधू होती, कानांनी नव्हती.

प्रत्येक घराण्यात रिपोर्ट वाचणारं एक माणूस नेमलेलं असतं. आमच्यात ती मी. ठाण्यात अकरावी-बारावीला गणित शिकवते एवढ्या भांडवलावर मला सोनोग्राफीपासून थायरॉईडपर्यंत सगळं दाखवलं जातं. आतेभावाचा फोन आला तेव्हा तो नीट बोललाच नाही. "तू ये," म्हणाला. ठाणे-वाशी लोकलनं कोपरखैरणे फार लांब नाही. तरी रबाळे, घणसोली ही स्टेशनं त्या संध्याकाळी सरकता सरकेनात.

आत्याचं घर माथाडींच्या वसाहतीतलं. खाली आता दुकानाचा गाळा, वर दोन मजले चढवलेले. मामा (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात) आधी मस्जिद बंदरला, दाणाबंदरात गोण्या वाहायचे. बाजार तुर्भ्याला आला, माथाडींना इथं घरं मिळाली, तेव्हा आत्या पाटण तालुक्यातल्या आमच्या गावाहून पोरांना घेऊन आली. म्हणजे लग्नानंतरची जवळजवळ वीस वर्षं मामा मुंबईत आणि आत्या गावात. मामा गावकीच्या खोलीत राहायचे. एका खोलीत वीस-पंचवीस गडी, निम्मे दिवसपाळीला, निम्मे रात्रपाळीला, जेवण खानावळीत. जत्रेला आणि दिवाळीला गावी यायचे. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतल्या हजारो घरांचा संसार तसाच चालला.

मामा २००९ साली हृदयविकारानं गेले. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, टोपी घातलेला, रागावल्यासारखा. मी घरात शिरले तेव्हा कुणी काही बोलत नव्हतं. पण आतेभाऊ, वहिनी, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, सगळ्यांची नजर अधूनमधून त्या फोटोकडं जात होती. आत्या तेवढी तिकडं पाठ करून बसली होती.

हे मला लगेच कळलं आणि त्याची चीडही आली. एका यंत्रानं एका नमुन्यावर एक आकडा दिला होता आणि घरानं मेलेल्या माणसाला पिंजऱ्यात उभं केलं होतं. पण नुसतं चिडूनही चालत नाही. या संशयाला इतिहास आहे. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा १९८६ साली चेन्नईत सापडला, डॉ. सुनीती सोलोमन यांच्या प्रयोगशाळेतून. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईला कामाला असलेली माणसं आमच्याकडच्या गावांत परत यायची ती वाळत वाळत. दाखल्यावर टीबी लिहिलेलं असायचं. गावात कुणी नाव घेत नसे, 'मुंबईचा आजार' म्हणत. नवरा गेल्यावर दोन-तीन वर्षांनी बायको जायची. मधल्या काळात तिला माहेरी पाठवलेलं असायचं. आत्यानं हे शेजारच्या घरात पाहिलं होतं. त्या घरातले दोघे सख्खे भाऊ मामांच्याच खोलीवर राहायचे.

तेव्हा तिनं फोटोकडं पाठ केली होती ती उगाच नव्हे.

मी माझं काम केलं. रिपोर्ट घेतला आणि त्या बारीक ओळी मोठ्यानं वाचल्या. एक ओळ सांगत होती की १.०० च्या खाली नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, १.०० किंवा वर रिअ‍ॅक्टिव्ह. दुसरी सांगत होती की ही प्राथमिक चाळणी आहे, निदान नव्हे, खात्रीसाठी पुढची तपासणी करावी. यंत्र रक्तात रसायन मिसळल्यावर उठणाऱ्या चमकेचा जोर मोजतं आणि त्याला ठरवलेल्या मर्यादेनं भागतं. तो भागाकार १.३४ होता. खरोखर संसर्ग असलेल्या, जुन्या संसर्गाच्या माणसात हा आकडा बहुतेक वेळा दहा-वीसपट, कधी शेकडोपट असतो. जेमतेम कुंपणावरून पलीकडं पडलेला आकडा खोटा निघण्याची शक्यता बरीच असते. उलट बाजूनंही लोक असेच घाबरतात. ०.१८ असा निकाल आला की 'म्हणजे थोडासा आहे का?' असं विचारणारे मला नंतर भेटले. नाही. ०.१८ म्हणजे नाही. शून्य येत नाही कारण यंत्राला कोऱ्या रक्तातही थोडी चमक दिसतेच.

आतेभावाला हे पटलं नाही. "मशीन नव्वद-पंच्याण्णव टक्के तरी बरोबर असेलच की," म्हणाला. मी लॅबचं पाकीट उलटं केलं आणि पेन घेतलं.

समज, मी त्याला म्हणाले, दहा हजार माणसं तपासली. आपल्या देशात मोठ्या माणसांत हजारी साधारण दोन जणांना एचआयव्ही आहे. म्हणजे दहा हजारांत वीस. चाचणी चांगली आहे, ती विसांनाही पकडते. उरले ९,९८०. त्यांच्यातल्या साडेनव्व्याण्णव टक्क्यांना चाचणी बरोबर 'नाही' सांगते, असं धरू. अर्धा टक्का चुकते. ९,९८० चा अर्धा टक्का किती? पन्नास. म्हणजे एकूण सत्तर माणसांच्या हातात रिअ‍ॅक्टिव्ह लिहिलेला कागद पडतो, आणि त्यांतल्या पन्नासांना काहीच झालेलं नसतं.

हे बेजचं प्रमेय. अकरावीला शिकवते. मुलांना दरवर्षी यंत्रांच्या आणि बोल्टांच्या उदाहरणांनी शिकवते, आणि दरवर्षी वर्ग जांभया देतो. कोपरखैरण्याच्या त्या स्वयंपाकघरात कुणी जांभई दिली नाही.

आतेभाऊ पाकिटाकडं बघत राहिला. "म्हणजे आई त्या पन्नासांत असेल."

"बहुतेक."

"आणि विसांत?"

"असू शकते."

गणित इथं थांबतं. ते दहा हजारांबद्दल बोलतं, आणि घराला एकाच माणसाबद्दल ऐकायचं होतं. तेही आत्याबद्दल नव्हे. त्यात आणखी एक मेख आहे, ती मी तेव्हा मुद्दाम बोलले नाही. हे वीस आणि पन्नास कुणाला तपासतो यावर बदलतात. ज्या गटात शंभरात दहा जणांना संसर्ग आहे, तिथं दहा हजारांत हजार खरे निघतील आणि खोटे फक्त पंचेचाळीस. त्या गटात रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे जवळपास नक्की. मग आत्याला कुठल्या गटात धरायचं? सत्तरीची, पंधरा वर्षं विधवा, मोतीबिंदूची बाई म्हणून? की मुंबईत एकट्या राहिलेल्या गड्याची बायको म्हणून? घर दुसऱ्या गटात धरून मोकळं झालं होतं.

जेवणं झाली. कुणी आत्याचं ताट वेगळं केलं नाही, तेवढं सगळ्यांना टीव्हीवरच्या जाहिरातींपासून पाठ आहे. फक्त रात्री हात धुताना पाहिलं तर बेसिनवरच्या डब्यातलं नेलकटर गायब होतं. वहिनीला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही महापालिकेच्या रुग्णालयात आयसीटीसीत गेलो. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असं पाटीवर असतं, लोक 'बारा नंबरची खोली' किंवा असंच काही म्हणतात, दर ठिकाणी नंबर वेगळा. तपासणी मोफत. पैसे न घेणारी जागा म्हणजे बेताचीच असणार, असा एक मध्यमवर्गीय समज मीही बाळगून आहे. एचआयव्हीच्या बाबतीत गोष्ट उलटी निघाली. खासगीत एका यंत्राचा एक आकडा. इथं लक्षणं नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणायचं तर तीन वेगवेगळ्या बनावटीच्या किट, एकामागून एक, आणि तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह यायला हव्यात. पहिलीच नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आली तर तिथंच निगेटिव्ह. कारण एका किटला फसवणारी गोष्ट वेगळ्या घडणीच्या दुसऱ्या किटला सहसा फसवत नाही. माझ्या पाकिटावरचे ते पन्नास तिसऱ्या किटपर्यंत जवळपास शून्यावर येतात.

समुपदेशक बाई तिशीतली. तिनं आम्हा दोघांना बाहेर बसवलं आणि आत्याला एकटीला आत घेतलं. आतेभाऊ अस्वस्थ झाला. "आईला काय कळणार?" बऱ्याच वेळानं आत्यानं दार उघडून मला हाक मारली. "ये गं तू. मला ईचारत्यात ते तुला लिहून घेता येतंय."

आत काय विचारलं होतं ते तेव्हा कळलं. आधी मामांबद्दल नाहीच. बाईनं विचारलं होतं, कधी रक्त चढवलं होतं का? आणि आत्याला आठवलं. गर्भपिशवी काढली तेव्हा कराडला, दोन बाटल्या. साल विचारलं तर म्हणाली, धाकट्याची सातवी व्हती. म्हणजे १९९०-९१. रक्तपेढ्यांत एचआयव्हीची तपासणी त्याच सुमाराला सुरू झाली होती, आणि पैशासाठी रक्त विकणाऱ्यांवर बंदी यायला १९९८ साल उजाडलं. त्या काळात सुईतून, बाटलीतून संसर्ग झालेल्या बायका देशात कमी नव्हत्या. आमच्यातल्या कुणाला ही शक्यता सुचली नव्हती. आतेभाऊ त्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याबाहेर झोपला होता. त्यालाही नाही.

मग बाईनं आणखी एक साधी गोष्ट सांगितली. उपचार नसतील तर हा आजार बहुतेकांत आठ-दहा वर्षांत डोकं वर काढतो. आजोबांना जाऊन पंधरा वर्षं झाली, ऑपरेशनला तर तीसच्या वर, आणि आजी दोन मजले चढून जातात. अशक्य म्हणत नाही, पण तसं दिसत नाही. विंडो पिरियडचाही प्रश्न नाही. संसर्ग झाल्यावर शरीर प्रतिपिंडं बनवेपर्यंतचा जो काळ, त्यात चाचणी फसते. प्रयोगशाळेतली नवी, चौथ्या पिढीची तपासणी साधारण ४५ दिवसांत खात्रीचं सांगते. बोटाच्या थेंबावरच्या किटसाठी तीन महिने धरतात. "परवा धोका झाला आणि आज तपासून निगेटिव्ह घेऊन गेला, तर त्या कागदाला अर्थ नाही," ती म्हणाली. "तसं कुणी आलं तर आम्ही आधी विचारतो ७२ तास झालेत का." ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू केल्या, २८ दिवस घेतल्या, तर संसर्ग बहुतेक वेळा टळतो. मात्र ७२ तास उलटले की तो उपाय हातचा गेला. हे मला माहीत नव्हतं. अठरा वर्षांच्या मुलांच्या वर्गात रोज उभी राहते आणि हे मला माहीत नव्हतं.

"आणि पॉझिटिव्ह निघाली तर?" मी विचारलं. आत्यानंच उत्तर दिलं. शेजारच्या घरातल्या त्या दोघा भावांपैकी धाकट्याची बायको जिवंत आहे. तिला २००४ नंतर सरकारी गोळ्या लागल्या. १ एप्रिल २००४ ला देशात मोफत उपचार सुरू झाले, आधी मोजक्या मोठ्या रुग्णालयांत, मुंबईत जेजेला, मग जिल्ह्याजिल्ह्यांत. "म्हसरं राखती," आत्या म्हणाली. "माझ्यापरास धड हाय. गोळी तेवढी रोज घेती." समुपदेशक बाई हसली. पूर्वी रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी कमी होईपर्यंत थांबायचे, आता २०१७ पासून निदान झालं की लगेच गोळ्या, बहुतेकांना दिवसाला एकच. विषाणू मोजता न येण्याइतका दबला आणि तसाच राहिला, तर जोडीदाराला लैंगिक संबंधांतूनही लागण होत नाही.

संमतीचा फॉर्म तिनं ओळीओळीनं वाचून दाखवला. आत्यानं पेन हातात घेतलं आणि थांबली. "ही पण करू दे," माझ्याकडं बोट करून म्हणाली. "मला एकटीला काय टोचताय?"

मी हसले आणि मग हसू ओसरलं. माझी तपासणी यापूर्वी झाली होती का? झाली असणार. मुलाच्या वेळी गरोदरपणात सगळ्यांची करतात. आई पॉझिटिव्ह निघाली तर तिला गोळ्या देऊन बाळाचा धोका खूप कमी करता येतो, त्यामुळे करायलाच हवी. पण मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. पुढं घरी जाऊन ती फाईल काढली, त्यात आठव्या पानावर होती, हिमोग्लोबिनच्या खाली. त्या क्षणी मात्र समोर फॉर्म होता, आणि त्यावर सही करायला माझा हात काही क्षण तयार होईना. वीस वर्षांचा संसार, काही कारण नाही, आणि तरी मनात पहिला विचार आला तो नवऱ्याला काय सांगायचं हा. आत्या बघत होती. सही केली.

निकाल त्याच दिवशी मिळाला. मला वेगळं बोलावलं, आत्याला वेगळं. तिची पहिलीच किट नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. आधीचा कागद बघून बाईनं काही आठवड्यांनी पुन्हा एकदा यायला सांगितलं, तेव्हाही तेच आलं. मग १.३४ कशामुळं? संधिवातासारख्या आजारांत रक्तात इतर प्रतिपिंडं असतात, ती कधी यंत्राला चकवतात. नुकती घेतलेली लस चकवू शकते. नळीची गडबडही असू शकते. आत्याला संधिवात आहे. तेवढ्यावर आम्ही थांबलो.

कोपरखैरण्याला परतल्यावर जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. आतेभावानं घरात पाऊल टाकताच चप्पल न काढता फोटोपुढं हात जोडले. "आबा, माफ करा," म्हणाला, रडला. वहिनीनं फुलवाल्याकडून हार मागवला. नेलकटर बेसिनवर परत आलेलं होतं, कधी ते कुणी पाहिलं नाही. नातीनं पेढे आणले. निर्दोष सुटका झाल्याचा तो सोहळा होता, आत्याची नव्हे, मामांची. फोन सुरू झाले. "आबांवर उगाच शंका घेतली आपण," हे वाक्य आतेभाऊ प्रत्येकाला सांगत होता. यांतल्या अर्ध्या लोकांना आधीची शंका माहीतही नव्हती. ती त्यांना माफीबरोबरच कळली.

आत्या पंख्याखाली बसून पेढा खात होती. मधुमेह नाही, खाऊ दे. मी शेजारी बसले.

"बरं झालं ना," मी म्हणाले. "मामांचं नाव साफ झालं."

"त्येंचं कसं?" ती म्हणाली. "रक्त माझं तपासलं."

मी गप्प. एका गणिताच्या शिक्षिकेला हे तिसरी पास बाईनं सांगावं. तिच्या निगेटिव्ह निकालात मामांच्या मुंबईतल्या वीस वर्षांबद्दल एक अक्षर नव्हतं. ना पॉझिटिव्ह आला असता तर असतं, कराडच्या दोन बाटल्या होत्याच.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं का, कोण जाणे.

"मला काय वाटायचंय. दोन रात्री लई शिव्या घातल्या मनात." तिनं फोटोकडं पाहिलं, हार जरा वाकडा बसला होता. "समद्याच काय वाया न्हाय गेल्या. खानावळीचं पैसं भरायला माझी बोरमाळ मोडली व्हती त्येंनी. ते राहिलंच व्हतं बोलायचं."

ऑपरेशन पुढं दुसऱ्या दवाखान्यात झालं, उजव्या डोळ्याचं. छान दिसतंय म्हणाली, भिंतीवरची जळमटंसुद्धा. आता डाव्याची तारीख घ्यायला गेलो तर काउंटरवरच्या मुलानं यादी दिली. साखर, ईसीजी, व्हायरल मार्कर्स. "जुने रिपोर्ट चालत नाहीत, आजी. नवे लागतात." रक्त काढणारा पोरगा पट्टा बांधायला आला. आत्यानं हात मागं घेतला.

"एचआयव्हीचं हाय न्हवं ह्यात?" तिनं विचारलं. सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं. "मग त्येचा फॉर्म आण आदी. आन् वाचून दाखव."

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी पर्समध्ये पेन शोधत होते.